पहिली गाडी कोणती? नागपूरच्या एका बस कंपनीच्या ताफ्याचे प्रकरण

हे प्रकरण नागपुरातल्या एका घरगुती बस कंपनीचे आहे. कंपनीचे नाव, गाड्यांचे क्रमांक आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे. जुन्या धंद्यांचे कागद लावून देणे हे माझे काम, आणि त्यासाठीच मला बोलावले होते. पन्नाशीनिमित्त पुस्तिका काढायची, तिच्यात आजवरच्या सगळ्या गाड्यांची यादी द्यायची आणि गॅरेजच्या फाटकापाशी कंपनीची पहिली बस उभी करायची, एवढीच मागणी होती. यादी आणि बस ही दोन वेगळी कामे आहेत असे सगळ्यांनीच धरले होते.

पार्श्वभूमी

नागपूरचा नकाशा पाहिला की इथे बसधंदा का फोफावला हे सांगावे लागत नाही. जबलपूर-हैदराबाद हा आताचा ४४ क्रमांकाचा महामार्ग आणि रायपूर-अमरावती हा ५३ क्रमांकाचा, दोन्ही इथूनच जातात. जुनी माणसे अजून त्यांना सात नंबर आणि सहा नंबरच म्हणतात. पण रस्ते असले म्हणून कोणीही उठून बस सोडावी अशी मुभा नव्हती. विदर्भ १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला तेव्हा इथे प्रोव्हिन्शियल ट्रान्स्पोर्ट सर्व्हिसेस ही सेवा होती. १ जुलै १९६१ रोजी ती, मराठवाड्याची सेवा आणि मुंबई राज्याचे मार्ग परिवहन महामंडळ एकत्र होऊन आजची एसटी झाली. टप्प्याटप्प्यावर माणसे चढवत-उतरवत जायची वाहतूक एसटीकडे गेली. खासगी मालकाच्या वाट्याला उरली ती कंत्राटी गाडी, म्हणजे एका पार्टीने ठरवलेली पूर्ण बस.

आमच्या या कंपनीचा जन्म त्याच फटीतला. आबाजींनी १९७४ मध्ये एक बस घेतली आणि कारखान्याच्या कामगारांची ने-आण सुरू केली. उन्हाळ्यात लग्नाच्या वराती, श्रावणात नागपंचमीला पचमढीची नागद्वार यात्रा, अधूनमधून शेगाव. ऐंशीच्या दशकात चार-पाच गाड्या झाल्या. भंडाऱ्याजवळ गडेगावला १९८२ मध्ये अशोक लेलँडचा कारखाना आला आणि त्यानंतर कंपनीचा कल हळूहळू टाटाकडून लेलँडकडे झुकला. नव्वदच्या दशकात रात्रीच्या व्हिडिओ कोच आल्या. पुणे, इंदूर, हैदराबाद. टू बाय टू पुशबॅक, पुढे लोखंडी जाळीत बसवलेला टीव्ही, आणि पहाटेपर्यंत कोणालाही झोपू न देणारा आवाज. २००१ मध्ये व्होल्वोची बस भारतात आली. आमच्या या कंपनीने तशा दोन गाड्या घेतल्या, पण पुष्कळ उशिरा आणि जुन्या. नंतर स्लीपर आल्या. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि पुण्याच्या गाड्यांचे वेळापत्रक पुन्हा मांडावे लागले. हा शेवटचा भाग सगळ्यांना तोंडपाठ होता, कागदही शाबूत होते. म्हणून त्यावर इथे फार बोलत नाही.

ताफा कसा बदलत गेला हे समजायला मालकांच्या हौसेपेक्षा एक नियम जास्त उपयोगी पडतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पर्यटक परवान्याच्या बसला आठ वर्षांची मर्यादा होती. आठ वर्षे भरली की परवाना त्या गाडीवर चालेना, दुसरी गाडी दाखवावी लागे. म्हणजे लांब पल्ल्याची गाडी आठव्या वर्षी उतरायचीच. चांगली असेल तर कामगारांच्या फेऱ्यांना लागायची, नाहीतर विकली जायची. मध्य प्रदेशातली सरकारी बससेवा २००५ च्या सुमारास गुंडाळायला लागली, तेव्हापासून छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडून जुन्या गाड्यांना चांगले गिऱ्हाईक मिळू लागले. गाडी एनओसी घेऊन सीमेपलीकडे जायची आणि तिच्याबरोबर तिचे कागदही. कंपनीच्या यादीत मध्येच भोके का पडली होती, त्याचे निम्मे उत्तर या विक्रीत आहे.

अडचण

गॅरेजच्या मागच्या कुंपणाला लागून एक जुनी बस उभी होती. पुढे इंजिन, तोंड सपाट, मागे टपावर चढायची शिडी. पुढच्या पत्र्यावर १९८९ च्या आधीचा तीन अक्षरी क्रमांक रंगवलेला. घरातली सगळी माणसे तिला ‘पहिली गाडी’ म्हणत. मोठे भाऊ, म्हणजे आबाजींचे थोरले चिरंजीव, ‘आपली बेंझ’ असेही म्हणत. टाटा आणि डाइम्लर-बेंझचा करार १९५४ चा, तो १९६९ ला संपला. १९७४ च्या गाडीवर बेंझचा तारा असायचे कारण नाही. पण जुन्या ड्रायव्हर लोकांच्या तोंडी टाटाची कुठलीही गाडी पुढे कितीतरी वर्षे बेंझच होती, त्यामुळे या गोष्टीला मी फार वजन दिले नाही.

वजन दिले ते चेसिस नंबरला. चेसिस म्हणजे बॉडीखालची लोखंडी चौकट, हा नंबर तिच्यावरच कोरलेला असतो. पहिल्या गाडीचे आर.सी. बुक कचेरीत फ्रेम करून लावलेले होते, आबाजींच्या फोटोच्या शेजारी. गाडीचा चेसिस नंबर त्याच्याशी जुळवायचा आणि पुढे जायचे, असा साधा बेत होता. गॅरेजच्या मिस्त्रींनी पुढच्या उजव्या चाकाजवळच्या लोखंडी पट्टीवर रॉकेलचा बोळा फिरवला. ग्रीस आणि मातीचा थर बोटभर जाड. तो खरवडून, पॉलिशपेपर मारून, कागद ठेवून वर पेन्सिल घासली. पासिंगला गाडी नेली की आरटीओत असाच ठसा घेतात. आकडे स्वच्छ उमटले. आर.सी. बुकातल्या आकड्यांशी त्यातले शेवटचे पाच अजिबात जुळत नव्हते.

ठसा पुन्हा घेतला. तोच.

मग विम्याच्या जुन्या पॉलिसी उपसल्या. हा चेसिस नंबर कंपनीच्या तिसऱ्या गाडीचा निघाला, १९८४ मध्ये घेतलेल्या. म्हणजे फाटकात उभी करायची ठरलेल्या बसचे लोखंड दहा वर्षे उशिराचे होते. दुसरीकडे आतल्या बाकांचे लाकूड, ड्रायव्हरमागची जाळी आणि दाराच्या कडेची पितळी मूठ हे सगळे १९७४ च्या फोटोत दिसते तसेच होते. खिडक्या मात्र सरकत्या काचेच्या, म्हणजे आणखी नंतरच्या. आणि क्रमांक पहिल्या गाडीचा. एका बसमध्ये तीन काळांचे पुरावे होते.

इथे पहिला निर्णयाचा टप्पा आला. पुस्तिकेचा मजकूर अर्धा छापखान्यात गेला होता. लहान भाऊंचे म्हणणे असे की हे कोणाला कळणार आहे, पाहुणे काय चेसिसखाली वाकून बघणार आहेत का. त्यात तथ्य होते. पण त्याच पुस्तिकेत सगळ्या गाड्यांची यादी द्यायची होती, आणि ही एक ओळ चुकीची धरली तर १९८४ ची तिसरी गाडी कुठे गेली याचे उत्तर खोटे रचावे लागणार होते. आबाजींच्या नातीने, म्हणजे सध्या कारभार पाहणाऱ्या ताईंनी, छपाई थांबवली. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला महत्त्वाचा निर्णय हाच होता, आणि तो फोनवर दोन मिनिटांत झाला.

कागद आणि माणसे

सुरुवात आठवणींपासून केली. निवृत्त ड्रायव्हर, कंडक्टर, एक क्लिनर जो पुढे मॅनेजर झाला, असे सगळे बोलते झाले. आठवणी रसाळ होत्या आणि एकमेकींशी भांडत होत्या. एकाच्या मते पहिली गाडी कोंढाळीजवळ पलटी झाली, दुसऱ्याच्या मते ती कधी पलटलीच नाही, तिला मागून ट्रकने ठोकले. एका जुन्या ड्रायव्हर काकांनी मात्र माझ्या प्रश्नावरच बोट ठेवले. म्हणाले, “अजी, पयली गाडी म्हंजे पत्रा का लोखंड, हे ठरवा ना आधी.”

गुंता सुटला टायर रजिस्टरमुळे. बस कंपनीत डिझेलनंतर सर्वात मोठा खर्च टायरचा, त्यामुळे त्याचा हिशेब कडक असतो. प्रत्येक टायरचा नंबर, कोणत्या गाडीला कधी चढला, किती किलोमीटरला उतरला, रिमोल्डला कधी गेला, सगळे नोंदलेले. आमच्या मुनीमजींनी गाड्यांचे क्रमांक लिहायचा कंटाळा करून त्यांची गॅरेजमधली टोपणनावे लिहिली होती. पहिली गाडी ‘ठेंगणी’, तिसरी ‘नवी टाटा’. १९८७ च्या पावसाळ्यातल्या एका पानावर ‘ठेंगणी’चे सातही टायर, स्टेपनीसकट, एकाच दिवशी उतरवून स्टॉकला जमा केलेले दिसतात. नंतर त्या नावापुढे एकही टायर चढत नाही. चाके काढून घेतलेली आणि परत न दिलेली बस म्हणजे संपलेली बस. त्याच्या आदल्याच महिन्यात ‘नवी टाटा’ची चाके उतरवलेली आहेत, आणि पाच आठवड्यांनी तिला पुन्हा पूर्ण संच चढलेला आहे.

तेवढ्या पाच आठवड्यांतले कागद शोधायचे म्हटल्यावर काम सोपे झाले. नागपूरलगतच्या वाडीतल्या एका बॉडी बांधणाऱ्याचे, आता बंद पडलेल्या वर्कशॉपचे बिल मिळाले: जुनी बॉडी उतरवून दुसऱ्या चेसिसवर बसवणे, पुढचा पत्रा नवा, यू-बोल्ट नवे, रंग. १९८७ मध्ये ‘नवी टाटा’ला ट्रकने घासत नेले होते आणि तिची एक बाजू पूर्ण फाटली होती, चेसिस सरळ होती. ‘ठेंगणी’ची बॉडी चांगली होती, पण स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी चेसिसला तडा गेला होता आणि वेल्डिंग करून ती पुन्हा फाटत होती. दोन्ही टाटाच्या बारा-दहा मॉडेलच्या, दोन्हींचा वीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, एकच. आबाजींनी दोन अर्ध्या गाड्यांची एक गाडी केली. त्या काळात हे काही जगावेगळे नव्हते. बॉडी झिजते वेगळी आणि चेसिस झिजते वेगळी. एसटीनेसुद्धा अलीकडच्या वर्षांत जुन्या चेसिसवरची अ‍ॅल्युमिनियमची बॉडी उतरवून माइल्ड स्टीलची बॉडी बांधली, हिंगण्याच्या कार्यशाळेतही हे काम झाले. क्रमांक तोच, गाडी बघावी तर नवी. इथे झाले ते याच्या उलटे, बॉडी टिकली आणि लोखंड बदलले.

राहिला प्रश्न रंगवलेल्या क्रमांकाचा. कायद्याने क्रमांक चेसिसबरोबर जातो, म्हणजे या बसवर १९८४ च्या गाडीचा क्रमांक हवा होता. तो होताही, १९९९ पर्यंत. त्या वर्षी रौप्यमहोत्सवाला गाडी धुऊन-पुसून मांडवात उभी केली आणि शोभेसाठी पहिल्या गाडीचा क्रमांक रंगवला. त्या समारंभाचा फोटो मोठा करून कचेरीत लागला. पुढच्या पंचवीस वर्षांत फोटोतली गाडी हीच पहिली गाडी हे घरात पक्के झाले. फसवायचा हेतू कोणाचाच नव्हता. आबाजींना तर खरे काय ते ठाऊकच होते. त्यांना कोणी विचारले नाही आणि २००३ मध्ये ते गेले.

पर्याय

आता दोन गोष्टी ठरवायच्या होत्या: गाडीचे काय करायचे आणि यादी कशावर बांधायची.

गाडीबद्दल चार मते होती. मोठ्या भाऊंना ती १९७४ च्या रूपात परत न्यायची होती: सरकत्या काचा काढून जुन्या पद्धतीच्या खिडक्या, जुना रंग, जुनी अक्षरे. शिवाय समारंभाच्या दिवशी ती झिरो माइलपासून गॅरेजपर्यंत चालवत आणायची. या मिरवणुकीपायी बराच वेळ गेला, कारण ‘विंटेज’ म्हणून नोंदणी होईल असे कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवले होते. २०२१ चे विंटेज वाहनांचे नियम पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी आहेत हे खरे, पण ते फक्त दुचाकी आणि खासगी वापराच्या चारचाकी मोटारींना लागू होतात. बस त्यात बसत नाही. आणि वयाचे म्हणाल तर चेसिस १९८४ ची, पन्नाशी गाठायला तिला अजून दहा वर्षे. रस्त्यावर आणायची तर सरळ प्रवासी वाहन म्हणून फिटनेस काढावा लागणार होता. पंधरा वर्षांवरच्या बसला त्याची फी एप्रिल २०२२ पासून साडेबारा हजार झालेली, आणि फी भरली तरी ब्रेकच्या तपासणीत ही गाडी पास होईल असे मिस्त्रींना वाटत नव्हते.

लहान भाऊ आणि कंपनीचे सीए यांचे मत गाडी मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्रात द्यावी असे होते. गाडी जमा केल्याचे ठेव प्रमाणपत्र मिळते, ते दाखवून नवी गाडी घेतली तर व्यावसायिक वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. हिशेबाने हा पर्याय सर्वात शहाणा होता, आणि तसे मी लेखी दिलेही. ताईंना गाडी आहे तशी ठेवायची होती, खऱ्या माहितीच्या पाटीसकट. चौथे मत जाहिरात करणाऱ्या मंडळींचे: नव्या चेसिसवर जुन्या रूपाची प्रतिकृती बांधा, फोटो छान येतात. हे मत एका बैठकीपलीकडे टिकले नाही.

यादीचा प्रश्न मला जास्त गहन वाटत होता. क्रमांकावर यादी बांधली की ती वाचायला सोपी, लोकांना गाड्या क्रमांकानेच आठवतात. पण क्रमांक बदलतात. मध्य प्रदेशातून आणलेली जुनी गाडी इथे नोंदवली की तिला एमएच-३१ किंवा एमएच-४० चा नवा क्रमांक मिळतो, आणि यादीत एक गाडी दोनदा येते. चेसिसवर बांधली तर कायद्याच्या आणि लोखंडाच्या दृष्टीने पक्की, पण मग प्रवाशांनी जी गाडी पाहिली, जिच्यात ते बसले, ती यादीत कुठेच दिसत नाही. बॉडीवर बांधायची तर बॉडीला नंबरच नसतो. जुन्या काळची बॉडीची बिले कोणी जपत नाही. नव्या गाडीच्या नोंदणीला बावीस-अ नमुन्याचा दुसरा भाग बॉडी बांधणाऱ्याकडून घ्यावा लागतो, त्याची प्रत असेल तर बॉडी कोणाची ते कळते. कंपनीकडे अशा प्रती १९९० नंतरच्याच होत्या.

काय केले

आधी गाडीचे. मोठ्या भाऊंना मनवायला वेळ लागला. त्यांचा राग नियमांवर नव्हता, पहिली गाडी पहिली नाही या गोष्टीवर होता. १९८७ चे बॉडीचे बिल त्यांच्या हातात दिले तेव्हा ते बराच वेळ खालची सही बघत बसले. सही आबाजींची होती. त्यानंतर जुन्या रूपात नेण्याचा आग्रह त्यांनी स्वतःच सोडला. त्यांचे म्हणणे बिनतोड होते: सरकत्या काचा आबाजींनीच बसवल्या, त्या काढणारे आपण कोण.

ठरले ते असे. गाडी न चालणारी, प्रदर्शनाची वस्तू म्हणून ठेवायची आणि तिच्या चेसिसची नोंदणी रीतसर रद्द करून घ्यायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली मालकाने गाडी कायमची निकामी झाल्याचे कळवून आर.सी. जमा करायची असते. इथे एक जुनी थकबाकी उपटली. १९९६ च्या सुमारास गाडी उभी राहिली तेव्हापासून ‘वापरात नाही’ अशी कळवणी दरवर्षी जात होती. २००६ नंतर ती द्यायची राहून गेली. कागदोपत्री गाडी त्यानंतरही रस्त्यावर होती आणि कर चढत होता. कुंपणाला टेकलेल्या, बाभळीने वेढलेल्या बसचा कर. ती रक्कम व्याजासह भरल्याशिवाय नोंदणी रद्द होणार नव्हती, आणि ताईंनी ती वाद न घालता भरली. सीएंच्या मते इथे अर्ज-विनंत्या करून पाहायला हव्या होत्या. समारंभाची तारीख पाहता मला भरणेच बरे वाटले.

रंगवलेला क्रमांक पुसला. इंजिनातले तेल, टाकीतले डिझेल काढले, बॅटरी काढली, गाडी लोखंडी स्टँडवर घेतली. पाटीवर तीन ओळी: बॉडी १९७४ ची, चेसिस १९८४ ची, दोन्ही १९८७ मध्ये वाडीला एकत्र बांधली; खिडक्या नंतरच्या. ‘पहिली गाडी’ हे शब्द पाटीवर नाहीत.

एक नुकसान मात्र होऊन बसले होते. मला बोलावण्याच्या आधीच, गाडी उजळ दिसावी म्हणून, गॅरेजच्या पोरांनी दोन्ही बाजूंचा पत्रा घासून मोकळा केला होता. त्याबरोबर जुन्या रंगांचे थर आणि अक्षरे गेली. मागच्या शिडीचा ब्रॅकेट काढला तेव्हा त्याच्याखाली तळहाताएवढा तुकडा शाबूत मिळाला. ब्लेडने तिरके खरवडले तर वरून खाली निळा, पांढरा, मलईचा आणि सगळ्यात खाली विटकरी लाल असे थर दिसले. १९७४ चा फोटो काळापांढरा असल्यामुळे पहिला रंग कोणता यावर घरात वाद होता. तो या तुकड्याने मिटवला. शिडी परत बसवताना तेवढी जागा उघडी ठेवली आहे.

यादीसाठी शेवटी दोन तक्ते केले. पहिल्यात एक ओळ म्हणजे एक चेसिस. तिच्यापुढे वेळोवेळी मिळालेले क्रमांक, खरेदी, विक्री किंवा भंगाराची तारीख. दुसऱ्यात एक ओळ म्हणजे एक बॉडी. ती कोणी बांधली, कोणत्या चेसिसवर कधीपासून कधीपर्यंत होती, आसने किती, सीटर की स्लीपर. अलीकडच्या गाड्यांना सतरा अक्षरांचा नंबर असतो, टाटाचा एमएटीने आणि लेलँडचा एमबी-१ ने सुरू होणारा, त्यामुळे त्या ओळी भरभर लागल्या. जुन्या ओळींपुढे एक बारीक खूण घातली: कागद आहे, दोघांच्या आठवणी जुळतात, किंवा एकाचीच आठवण आहे. कोंढाळीच्या अपघाताची गोष्ट या तिसऱ्या खुणेत गेली आणि सांगणाऱ्याला ते आवडले नाही.

निकाल

पुस्तिकेचे ठरलेले नाव होते ‘शंभर गाड्यांचा प्रवास’. तक्ते पूर्ण झाले तेव्हा चेसिस सत्त्याऐंशी भरल्या. बाकीच्या तेरा म्हणजे क्रमांक बदलून पुन्हा मोजलेल्या, किंवा नवी बॉडी चढल्यावर ‘नवी गाडी आली’ म्हणून लक्षात राहिलेल्या. नाव बदलावे लागले, मुखपृष्ठ पुन्हा करावे लागले. लहान भाऊंनी बॉडी मोजा म्हणून सुचवले, त्या एकशे चार भरत होत्या. विचार वाईट नव्हता, पण मग पुस्तिकेत गाडी म्हणजे काय हे आधी समजावून सांगावे लागले असते.

समारंभाला गाडी फाटकापाशी उभी होती. लोकांनी फोटो काढले, पाटी थोड्यांनीच वाचली. ज्यांनी वाचली त्यात एसटीच्या हिंगणा कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी बाजूच्या रिबिटांच्या ओळीवरून हात फिरवत, मधला एक पत्रा मूळ बॉडीचा नाही असे दाखवून दिले. टायर रजिस्टरच्या काळात असे काम झाल्याची नोंद नाही. तक्त्यात आता त्यांच्या सांगण्याची एक ओळ आहे, एकाचीच आठवण या खुणेसह.

धंद्याच्या बाजूनेही एक उपयोग झाला, तो कोणी धरला नव्हता. बॉडीचा तक्ता पाहिल्यावर ताईंच्या लक्षात आले की स्लीपरमध्ये बदललेल्या जुन्या सीटर गाड्या दुरुस्तीला सगळ्यात जास्त उभ्या राहिल्या आहेत. स्लीपर कोचच्या बांधणीसाठी एआयएस-११९ हे वेगळे मानक आहे, संकटकाळच्या दारांपासून पलंगांच्या मापांपर्यंत. जुन्या सांगाड्यात ते नीट बसवणे कठीण जाते. समृद्धीवर १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बस जळून पंचवीस प्रवासी गेले, त्यानंतर या विषयावर घरात तशीही अस्वस्थता होती. अशा तीन गाड्या कंपनीने लांब पल्ल्यावरून काढल्या.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट, टायर रजिस्टर आधी उघडायला हवे होते. आठवणी गोळा करण्यात गेलेले आठवडे वाया गेले असे म्हणणार नाही, पण रजिस्टर वाचून प्रश्न विचारले असते तर लोकांनी वेगळे सांगितले असते. ‘१९८७ मध्ये ठेंगणीची चाके का काढली?’ असे विचारले की माणूस गॅरेजमध्ये जाऊन उभा राहतो. ‘पहिल्या गाडीचे काय झाले?’ असे विचारले की गोष्ट सांगतो.

दुसरी, पत्रा घासण्याच्या आधी फोटो. जुनी गाडी बाहेर काढायची ठरली की पहिला हात पाण्याच्या पाइपाकडे जातो. चारही बाजू, आतले छत, खालची चेसिस यांचे फोटो आणि रंगाचा एखादा तुकडा आधी राखून ठेवला असता तर बाजूची जुनी अक्षरे आज वाचता आली असती.

तिसरी गोष्ट स्क्रॅपच्या पर्यायाबद्दल. तो नाकारला हे ठीक, पण तो मोठ्या भाऊंसमोर फार उशिरा आणि हिशेबाच्या कागदासकट आला, त्यामुळे घरात त्याला लहान भाऊंचा डाव असा रंग चढला. चारही मते पहिल्याच बैठकीत एका कागदावर मांडली असती तर ते टळले असते. यात सीएंचा दोष नाही, त्यांना बोलावलेच नव्हते.

कंपनी आता नव्या गाडीची फाइल उघडताना चेसिसचा ठसा, बॉडीचे बिल, बावीस-अची प्रत आणि डिलिव्हरीच्या दिवसाचे फोटो आधी आत टाकते. विमा पॉलिसी दहा वर्षांनी फेकायची पद्धत बंद केली आहे. बॉडीच्या तक्त्यात चार ओळी अजून अर्धवट आहेत, चारही बालाघाटकडे विकलेल्या गाड्यांच्या. तिथल्या एका खरेदीदाराकडे जुने आर.सी. बुक असल्याचे कळले आहे. दिवाळीची गर्दी ओसरली की ताई माणूस पाठवणार आहेत.